एका घरचा केर

सून काय काम करते असं कुणी विचारलं, की सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणायच्या, "कंपनीत आहे. प्रयोगशाळेत." आणि पुढचा प्रश्न यायच्या आत, चहा घेणार का, असं विचारायच्या. खरं उत्तर त्यांच्या जिभेवर यायला तयार नव्हतं. त्यांची सून घाण बनवायची.

बनवायची म्हणजे अक्षरशः बनवायची, आणि त्याचा तिला पगार मिळायचा. व्हॅक्यूम क्लीनर तयार करणारी ती कंपनी. तिच्या मागच्या अंगाला एक बिनखिडकीची खोली होती, तिला सगळे कचराखोली म्हणत. तिथे डब्यांमध्ये चाळलेली वाळू, वाळवून कुटलेली चिकणमाती, दगडाची भुकटी, न्हाव्याकडून आणलेले केस, कापसाचे तंतू आणि पावाचा चुरा असा सगळा ऐवज नीट मांडून ठेवलेला असे. सून हे सगळं मापाने घ्यायची, एकत्र कालवायची, चाळणीने गालिच्यावर पसरायची आणि वरून जड रूळ फिरवायची, म्हणजे माणसांच्या पायांनी दाबली जावी तशी ती घाण गालिच्यात मुरायची. मग यंत्र फिरवायचं आणि त्याने किती खाल्ली ते वजन करून बघायचं. नियम एकच. आजची घाण कालच्यासारखीच झाली पाहिजे, नाहीतर यंत्र सुधारलं की घाण मऊ पडली हे कळणार कसं? भाजीत मीठ जास्त पडलं तर नवरा निमूट खातो. घाणीत वाळू चिमूटभर जास्त पडली तर साहेब ऐकून घेत नाहीत.

आणि असली सून पडली कुणाच्या पदरात? तर संपूर्ण इमारतीत जिच्या स्वच्छतेचा धाक होता, त्या बाईच्या. सासूबाई कुणाकडे गेल्या, की बोलता बोलता त्यांचं बोट खुर्चीच्या पाठीवरून फिरायचं. मग त्या बोटाकडे बघायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्याला बायका घाबरून असत.

"मुलाला म्हटलं होतं, शिकलेली मुलगी आण," त्या सुनेसमोरच म्हणायच्या. "आणली बाई त्याने. आता घाण करायलाही शिकावं लागतं हे मला काय माहीत!"

"करायला नाही, आई. बनवायला," सून म्हणायची. "करायला काय, तुमच्या मुलालाही येते."

मुलगा तिथेच वर्तमानपत्र वाचत बसलेला असायचा. तो पान उलटायचा.

दोघींचं असं रोज चालायचं, आणि चाललं नाही तर दोघींनाही जेवण गोड लागायचं नाही. सगळ्यात मोठा वाद मात्र मुळाचाच होता. घाण येते कुठून?

सासूबाईंचं मत पक्कं होतं. घाण बाहेरून येते. "लांब कुठेतरी डोंगर झिजतो," त्या हातवारे करून सांगायच्या, "ऊन-पावसाने त्याचे दगड फुटतात, दगडाची वाळू होते, वाळूची माती होते, त्यात पाला कुजतो. आणि इतक्या लांबची ती माती माझ्या मुलाच्या बुटांना चिकटून नेमकी माझ्या घरात येते."

"डोंगराचं बरोबर आहे," सून म्हणायची. "पण घरातली बरीचशी धूळ आपलीच असते. कातडीचा कोंडा, केस, कपड्यांचे, पांघरुणांचे तंतू. माणूस नुसता बसून राहिला तरी झडत असतो."

"झडत असतो? मी काय झाड आहे?"

"झाडाचा निदान पाला दिसतो."

"माझी खोली बघ," सासूबाई शेवटचा हुकमी पत्ता टाकायच्या. "तिथे कुणी येत नाही, जात नाही. खिडकी बंद. केर मी स्वतः काढते. आहे का धूळ? नाही ना? म्हणजे बाहेरूनच येते."

हे तपासून बघायची सोय नव्हती. कारण त्या खोलीत झाडू घेऊन जायची कुणालाच परवानगी नव्हती. कामाला येणाऱ्या बाईलाही उंबऱ्यापर्यंतच मुभा होती.

तर अशा घरात एका गुरुवारी संध्याकाळी सून पडलेल्या चेहऱ्याने परत आली. झालं होतं असं की कंपनीचं नवं, कमी आवाजाचं यंत्र कचराखोलीत पहिल्या नंबराने पास झालं होतं, आणि लोकांच्या घरी जाऊन सपशेल नापास होत होतं. तक्रारींचा पाऊस पडला होता. त्यात हॉटेलांसाठी घाऊक यंत्रं घेणाऱ्या एक बाई त्या दिवशी स्वतः आल्या. त्यांनी सुनेने बनवलेली घाण चिमटीत धरून बघितली आणि म्हणाल्या, "तुमची घाण फार सज्जन आहे. यंत्राने बोलावलं की लगेच येते. मला खऱ्या घरातला केर हवा. एकाच घरचा, भेसळ नको, आणि महिनोन्महिने कुणी न हलवलेला. सोमवारी त्याच्यावर यंत्र चालवून दाखवा."

साहेबांनी लगेच मान डोलावली. बाई गेल्यावर त्यांनी सुनेला बोलावलं. "सोमवारी तसा केर मिळाला तर ठीक. नाहीतर ही खोली बंद करू. बाहेर डबाबंद घाण मिळते, तीच मागवू. तुला पॅकिंगला घेऊ, नोकरीची काळजी करू नकोस."

नोकरीची काळजी तिला नव्हतीच. काळजी खोलीची होती. ती आली तेव्हा तिथे मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या होत्या. एकेक डबा तिने जमवला होता, चिकणमाती किती वाळली की ती खरी धूळ वाटते हे चुकत चुकत शिकली होती. लोक हसायचे, तीही हसायची, पण ती खोली तिची होती. खोकी चिकटवत बसायची कल्पनाच तिला सोसेना.

कंपनीतल्या लोकांकडे मागावं तर प्रत्येकाच्या घरी कंपनीचं यंत्र फुकट मिळालेलं, आणि केराचा पत्ता नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी ती पिशवी घेऊन इमारतीत निघाली.

"थोडी जुनी धूळ मिळेल का?" असं दारात उभं राहून विचारणं किती अवघड असतं, ते ज्याने विचारलंय त्यालाच कळेल. समोरच्या दारातल्या बँकवाल्या बाईंचा चेहरा ताठ झाला. "आमच्याकडे? धूळ? अहो, आमच्या फरशीवर वाढून जेवा." पण दार लावताच आतून कपाट सरकवल्याचा आणि जोरजोरात झाडू मारल्याचा आवाज आला. तळमजल्यावरच्या शिंप्याने उदारपणे पोतंभर दिली, पण ती सगळी चिंध्यांचीच. वरच्या मजल्यावर एक तबलजी एकटेच राहायचे. ते मात्र खुशीत म्हणाले, "या ना, कितीही न्या!" त्यांच्या सोफ्याखाली बिस्किटांचाच थर निघाला. त्यात मुंग्यांनी वसाहत केलेली.

"घर नाही हे, बेकरी आहे," सून म्हणाली. तबलजींना ती दाद वाटली.

शनिवारी बातमी जिन्याने वरखाली फिरली. सुनेने ज्या ज्या दारात जावं, तिथल्या गाद्या आधीच गच्चीत वाळत पडलेल्या. इमारत इतकी स्वच्छ कधीच झाली नव्हती. घाण मागत फिरणाऱ्या बाईने घाण उरूच दिली नाही, असा सगळा प्रकार.

सासूबाईंना तोंड दाखवायला जागा राहिली नाही. "लोक साखर मागतात, दूध मागतात," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "आता म्हणतील, यांच्या घरात तर केरसुद्धा नाही!"

"हे तर तुमचं कौतुकच झालं, आई."

"गप्प बस."

रविवारी दुपारी सासूबाई बँकवाल्या बाईंकडे गेल्या होत्या, झाल्या प्रकाराची सारवासारव करायला. नवऱ्याला थंडी वाजत होती. जाड रजई सासूबाईंच्या खाटेखालच्या ट्रंकेत होती. सून ती काढायला त्यांच्या खोलीत गेली. हातात झाडू नव्हता, म्हणजे नियम काही मोडला नव्हता.

खोली लखलखत होती. फरशीत तोंड दिसावं अशी. सून गुडघ्यांवर बसली, लोंबती चादर वर केली आणि तशीच थांबली.

चकचकीत फरशी खाटेखाली हातभर आत जाऊन संपत होती. उभ्याने धरलेला झाडू पोहोचेल तिथपर्यंत एक गोलसर रेघ, जणू कुणी आखलेली. रेघेच्या पलीकडे धूळ. करडी, मऊ, एकजीव झालेली, भिंतीपर्यंत पसरलेली. ट्रंकेवर तर तिची साय धरली होती.

खरं सांगायचं तर आधी तिला आनंदच झाला. असला माल तिने जन्मात पाहिला नव्हता. खाली बारीक रेती, तिच्यावर कोंडा, त्यात गुंतलेले पांढरे केस आणि विणकामाच्या लोकरीचे तंतू, आणि सगळ्याचं मिळून गोधडीसारखं विणलं गेलेलं. असं काही तिच्या डब्यांमधून सात जन्मांत तयार झालं नसतं. खिडकी बंद, खोलीत कुणी येत नाही. म्हणजे धूळ येते कुठून, हा वादही ती जिंकली होती. हात पुढे करायची खोटी होती.

मग तिचं लक्ष पुन्हा त्या रेघेकडे गेलं. ही रेघ आळसाची नव्हती. रोज, न चुकता, जिथपर्यंत जमतं तिथपर्यंत घासून पुसून काढलेल्या फरशीची ती रेघ होती. त्यापुढे वाकावं लागत होतं.

एकेक गोष्ट तिला आठवायला लागली. चमचा पडला की "राहू दे, मग उचलते" म्हणणं. बूट घालायला खुर्चीत बसणं आणि बराच वेळ बसूनच राहणं. लोकांच्या घरी फिरणारं ते बोट पूर्वी पलंगाच्या पायापर्यंत जायचं, हल्ली ते कमरेच्या उंचीवरच फिरत होतं. सुनेला हा सगळा वयाचा हट्ट वाटला होता. त्यावरून तिने विनोदसुद्धा केले होते. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने चादर सोडली, दार ओढून घेतलं आणि बाहेर आली.

"रजई?" नवऱ्याने विचारलं.

"नाही मिळाली. स्वेटर घाल."

संध्याकाळी सासूबाई परत आल्या, खुर्चीत बसल्या आणि चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाल्या, "हा चहा आहे की चहाची पावडर लांबून दाखवलेलं पाणी?"

"दुसरा करून देते हं, आई," सून म्हणाली.

सासूबाईंनी भुवई वर केली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बँकवालीचा पडदा बघून आले. तुझ्या पडद्यांपेक्षा पांढरा आहे."

"हो, त्यांचे छानच असतात."

"आणि तुझे केस आज असे का दिसताहेत? कंपनीतल्या डब्यात हात घातलास की डोकं?"

"विंचरते," सून म्हणाली.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "काय पाहिलंस?"

"कुठे काय?"

"आल्यापासून तुला टोमणे मारतेय आणि तू एकही परत केला नाहीस. माणूस मरायला टेकला की लोक त्याच्याशी असं गोड बोलतात. मी अजून टेकले नाही. काय पाहिलंस सांग."

नवऱ्याने एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघितलं आणि तो उठून गॅलरीत गेला. कुठे नसावं हे त्याला बरोबर कळायचं.

"रजई काढायला गेले होते," सून हळूच म्हणाली.

सासूबाई बसल्या जागी लहान झाल्यासारख्या दिसल्या. मग त्यांनी मान ताठ केली. "खिडकीतून येत असणार."

"खिडकी बंद असते, आई," सुनेच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

सासूबाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. "हं. आता कशी बोललीस. मग? घेतलीस का?"

"काय?"

"काय म्हणजे? दोन दिवस दारोदार फिरून मागतेयस ती. घेतलीस का?"

"नाही."

"का?"

"तुम्हाला आवडलं नसतं म्हणून."

"ते तर नसतंच आवडलं." सासूबाईंनी हातातला रुमाल उलगडला, पुन्हा घडी केली. "उद्या सोमवार. खोली जाईल तुझी."

"जाऊ दे."

"जाऊ दे कशी? सगळ्या इमारतीला सांगून बसलेय मी, सून प्रयोगशाळेत आहे म्हणून. आता काय सांगू, खोकी चिकटवते?" त्या खुर्चीच्या दांड्याला धरून उठल्या. "पिशवी आण. आणि तुझ्या नवऱ्याला गॅलरीतच राहू दे. त्याला कळायचं काही कारण नाही."

मग सासूबाई खाटेवर पाय वर घेऊन बसल्या, आणि सून मऊ कुंचा आणि सुपली घेऊन खाटेखाली शिरली. वरून सूचना सुरू झाल्या.

"हळू. उडवू नकोस. कोपऱ्यातली आधी घे, ती जुनी."

"घेतेय."

"थर मोडू नकोस. चांगला जमून आलाय."

"आई, तुम्ही आमच्या कंपनीत या ना."

"तुमच्या कंपनीला परवडायची नाही मी. ट्रंकेवरची घेतलीस? मागची बाजू बघ."

खाटेखाली सून हसत होती, शिंकत होती, आणि मध्येच डोळे पुसत होती. धुळीत ते एक बरं असतं. डोळ्यांत पाणी का आलं हे कुणाला सांगावं लागत नाही.

सोमवारी हॉटेलवाल्या बाईंसमोर गालिच्यावर ती धूळ पसरली गेली, वरून रूळ फिरला आणि यंत्र सुरू झालं. पहिल्या दमात त्याने रेती खाल्ली. मग केसांनी आणि लोकरीने त्याच्या ब्रशाला मिठी मारली, ब्रश रडत रडत थांबला, आणि खालचा कोंडा गालिच्यात आरामात बसून राहिला. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

बाई मात्र खूश झाल्या. "हीच ती," त्या खाली बसून बघत म्हणाल्या. "आमच्या हॉटेलांमध्ये पलंगांखाली हीच असते. हिला हरवणारं यंत्र करा, मी घेईन. आणि अशीच घाण बनवायला शिका." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "असली घाण डब्यात मिळत नाही. ही खोली बंद करायची नाही हं."

साहेबांनी आता उलट दिशेने मान डोलावली, जणू खोली टिकवायची कल्पना त्यांचीच होती. मग हसत विचारलं, "पण इतकी सुरेख घाण आहे तरी कुणाकडची?"

सगळे सुनेकडे बघायला लागले. बँकवाल्या बाई, शिंपी, तबलजी, कुणाचंही नाव घेता आलं असतं. कोण बघायला जाणार होतं?

"माझ्या घरची," ती म्हणाली. "माझ्याच खोलीतली. वेळ होत नाही, राहून जाते."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिची इतकी थट्टा झाली की विचारता सोय नाही. घाणीवाल्या बाईचं घर घाणीने भरलेलं, यापेक्षा लोकांना दुसरं काय हवं होतं?

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. यंत्र नापास झालं आणि खोली वाचली, हे ऐकून सासूबाईंनी समाधानाने मान हलवली. मग विचारलं, "कुणाच्या घरची म्हणून सांगितलंस?"

"माझ्या. माझ्या खोलीतली म्हटलं."

सासूबाईंचे हात थांबले. भाजी निवडायला घेतली होती, ती तशीच पुढ्यात राहिली. मग म्हणाल्या, "लोक म्हणतील, सासूने हिला काही शिकवलं नाही."

"म्हणू देत."

"आणखी लागेल तुला? धूळ?"

"आता नाही. एवढी पुरेल. ती बघून बघून तशी बनवायची."

"तसं नाही." सासूबाई भाजीकडे बघतच बोलत होत्या. "रोजची. रोज पडते ना थोडी थोडी, तूच म्हणतेस. ती रोज नेलीस तर उपयोगी पडेल का तुला?"

रोजची ताजी धूळ कचराखोलीत कवडीच्या उपयोगाची नसते. हे सुनेइतकं पक्कं कंपनीत दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

"पडेल की," ती म्हणाली. "रोजची तर फार लागते."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. लोकांच्या घरी बोट बघतात तसंच, आणि तशाच काही बोलल्या नाहीत. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"मग सकाळी येत जा खोलीत. माझ्याने वाकवत नाही गं आता."

"येते," सून म्हणाली, आणि त्यांच्या पुढ्यातली भाजी स्वतःकडे ओढून निवडायला लागली.